सोनोग्राफीत बाळाचं वजन आठवड्यात कमी कसं झालं? दोन सेंटर, दोन आकडे

माहेर_देवास (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार सगळ्यांना, पहिलीच खेप आहे, आज ३६ आठवडे पूर्ण झाले आणि काळजीने झोप नाही म्हणून इथे विचारतेय. ३५ व्या आठवड्यात घराजवळच्या सेंटरला सोनोग्राफी केली, रिपोर्टवर बाळाचं वजन २६०० ग्रॅम आलं, घरात सगळे खूश, सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मग तपासणीत बीपी थोडं वर दिसलं म्हणून मॅडमनी या आठवड्यात परत सोनोग्राफी लिहून दिली, डॉप्लरसकट (बाळाचा रक्तपुरवठा बघतात ते), पण ते पहिलं सेंटर बंद होतं म्हणून आम्ही पलासियाला दुसरीकडे गेलो तर तिथे आलं २५०० ग्रॅम. म्हणजे वाढायचं सोडून आठवड्यात १०० ग्रॅम कमी?? असं होऊ शकतं का?

आणि वर अजून एक, या रिपोर्टमध्ये बाळाचं वय ३४ आठवडे ५ दिवस लिहिलंय आणि डिलिव्हरीची तारीख पण पुढे सरकलीय, जी आधी वेगळी होती. डॉप्लर नॉर्मल आहे असं लिहिलंय, पाणी पण व्यवस्थित आहे. मॅडम परवा भेटणार, त्या बाहेरगावी आहेत, फोनवर म्हणाल्या की घाबरू नका, हालचालीकडे लक्ष ठेवा. पण घरी आतेसासूबाई म्हणाल्या की बाळ पोटात सुकायला लागलंय, तेव्हापासून सासूबाई दर दोन तासांनी ताट घेऊन समोर येतात आणि हे म्हणतात उद्या तिसऱ्या सेंटरला जाऊन एकदाचं काय ते पक्कं करू. कोणाला असा अनुभव आहे का? कुठला आकडा खरा धरायचा? प्लीज सांगा.

दोन_मुलांची_आई

अगं ताई आधी शांत हो, पाणी पी. माझ्या थोरल्याच्या वेळी शेवटच्या सोनोग्राफीत ३४०० सांगितलं होतं आणि झाला २९०० चा, धाकटीच्या वेळी २७०० सांगितलं आणि झाली २८५० ची. दोन्ही मुलं ठणठणीत. तेव्हा मला पण कोणी नीट समजावलं नव्हतं, सगळे म्हणायचे मशीनचं काय, कधी बरोबर कधी चूक. तिसऱ्या सेंटरला लगेच जाऊ नकोस असं मला वाटतं, तिसरा आकडा आला तर तिघांत कुठला धरणार? दोन्ही रिपोर्ट आणि फिल्म मॅडमना दाखव. आणि जेवण पोटाला झेपेल तेवढंच जेव, सासूबाईंचं मन राखायला दोन घास जास्त खाल्लेस तरी त्याने आठवड्यात बाळाचं वजन वाढत नाही.

पलासियाकर

मला हे पटत नाही. दोन सेंटरमध्ये फरक येतो म्हणजे एक कोणीतरी चुकतंय, बहुतेक मशीन जुनी असणार. एवढे पैसे घेतात तर आकडा बरोबर द्यायला नको? आमच्याकडे गेल्या वर्षी ३९०० ग्रॅम आहे, बाळ मोठं आहे, बायकोला शुगर पण आहे, असं सांगून सिझर झालं आणि मुलगी निघाली ३३५० ची. तेव्हापासून मनात आहे की ते सिझर गरजेचं होतं की नव्हतं. कोणी जाणकार असेल तर खरंच सांगा.

सोनो_डॉक्टर_इंदूर

मी इंदूरातच रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच काम करतो. माहेर_देवास ताई, दोन्ही रिपोर्टमध्ये बीपीडी (डोक्याची रुंदी), एचसी (डोक्याचा घेर), एसी (पोटाचा घेर), एफएल (मांडीच्या हाडाची लांबी) असे चार आकडे असतील ते इथे टाका, आणि वजनाच्या पुढे अधिक-उणे करून काही छापलंय का तेही बघा. आणि सगळ्यात पहिली सोनोग्राफी, तिसऱ्या महिन्यातली, केली होती का?

माहेर_देवास (सुदामा नगर, इंदूर)

हो डॉक्टर, तिसऱ्या महिन्यातली केली होती, त्यावरूनच मॅडमनी तारीख दिली होती.
पहिल्या सेंटरचे आकडे: बीपीडी ८७, एचसी ३१५, एसी ३१५, एफएल ६७ मिमी. वजन २६०० अधिक-उणे ३८०.
दुसऱ्या सेंटरचे: बीपीडी ८८, एचसी ३१८, एसी ३०३, एफएल ६८. वजन २५०० अधिक-उणे ३६५.
ते अधिक-उणे मी बघितलंच नव्हतं, अगदी बारीक छापलंय.

सोनो_डॉक्टर_इंदूर

छान, आता बोलता येईल. थोडं लांब लिहितो, सावकाश वाचा.

सगळ्यात आधी, ते बारीक छापलेलं अधिक-उणे हाच रिपोर्टचा खरा अर्थ आहे. मशीन बाळाला तराजूत टाकत नाही. आम्ही डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतो, मशीन ते चार आकडे एका सूत्रात घालतं आणि वजन काढतं. आपल्याकडे बहुतेक मशीनवर हॅडलॉकचं सूत्र असतं, १९८५ सालचं, अमेरिकेत ह्यूस्टनला केलेलं. त्याआधी १९७५ मध्ये कॅम्पबेल आणि विल्किन यांनी फक्त पोटाच्या घेरावरून वजन काढायची पद्धत दिली होती, १९८२ मध्ये शेपर्डचं सूत्र आलं ते डोक्याची रुंदी आणि पोट यांच्यावर. हॅडलॉकने मांडीचं हाड आणि डोक्याचा घेर जोडल्यावर चूक कमी झाली, पण कमी झाली म्हणजे किती, तर साधारण साडेसात टक्क्यांचं विचलन राहतं, म्हणजे अंदाज खऱ्या वजनापासून साधारण तेवढा इकडेतिकडे होतो. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरायची, म्हणून शंभरातल्या पंचाण्णव बाळांचं खरं वजन अंदाजाच्या पंधरा टक्के खाली ते पंधरा टक्के वर या पट्ट्यात कुठेतरी असतं, आणि उरलेली पाच त्याच्याही बाहेर. तुमच्या रिपोर्टवरचे ३८० आणि ३६५ त्यातूनच आलेत.

आता तुमचे दोन पट्टे शेजारी ठेवा. पहिला २२२० ते २९८०. दुसरा २१३५ ते २८६५. जवळजवळ एकच पट्टा आहे. यातून बाळ १०० ग्रॅमनी घटलं असं निघत नाही, वाढलं असंही निघत नाही. या दिवसांत बाळ आठवड्याला सरासरी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम वाढतं आणि मोजमापातली चूक त्याच्याहून मोठी आहे, म्हणून वाढ बघायची असेल तर दोन मोजमापांत कमीत कमी दोन आठवडे, शक्यतो तीन आठवडे अंतर ठेवावं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. एका आठवड्याच्या अंतराने वजनाची तुलना करूच नये. तुमच्या मॅडमनी लवकर बोलावलं ते बीपीमुळे, डॉप्लर आणि पाणी बघायला, आणि ते अगदी योग्य केलं. वजन त्याच्यासोबत आपोआप आलं.

फरक कुठून आला तेही आकड्यांत दिसतंय बघा. बीपीडी एक मिमीने वाढलाय, एचसी तीनने, एफएल एकने. हाडं वाढलीत. एसी मात्र ३१५ वरून ३०३ झालाय. पोटाचा घेर आठवड्यात बारा मिमी आकसत नाही, म्हणजे हा बाळातला बदल कमी आणि दोन हातांतला फरक जास्त. आणि या सूत्रात सगळ्यात जास्त भार एसीचाच पडतो, तो एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला की शेवटच्या महिन्यात सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो.

एसी इतका का हलतो ते सांगतो. डोकं कवटीमुळे टणक असतं, कडा स्वच्छ दिसते. पोट मऊ. ते गोल आडवं कापल्यासारखं बरोबर एका जागी धरावं लागतं, जिथे जठराचा काळा ठिपका दिसतो, नाळेतून आलेली शीर यकृतात शिरून वळताना दिसते, आणि मूत्रपिंडं दिसत नाहीत. जरा तिरकं धरलं की गोल लांबट होतो आणि घेर वाढतो, प्रोब (आईच्या पोटावर फिरवतो तो) जास्त दाबला तर बाळाचं पोट चपटं होतं, बाळाची पाठ वर असेल तर मणक्याची सावली पडते, पाणी कमी असेल किंवा आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर कडाच धूसर, आणि त्यात बाळ श्वासाच्या हालचाली करत असतं. म्हणून चांगला सोनोलॉजिस्ट एसी दोन-तीनदा घेतो. पलासियाकर भाऊ, मशीन जुनं असलं तर फरक पडतो, पण नव्या मशीनवर दोन निष्णात डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजलं तरी आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. आणि दोन सेंटरच्या मशीनवर सूत्रच वेगळं निवडलेलं असू शकतं, तेही रिपोर्टवर लिहिलेलं असतं, बघत जा.

तरी एसीकडे दुर्लक्ष करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. बाळाला वारेतून पुरवठा कमी पडला की ते मेंदूला जपतं आणि यकृतातला साठा वापरतं, म्हणून पोटच आधी मागे पडतं. सगळ्यात उपयोगाचं मोजमाप तेच आणि सगळ्यात चुकणारं पण तेच, हीच या कामातली अडचण आहे. तुम्हाला बीपी आहे, बीपीत वारेचा पुरवठा कमी पडायची शक्यता जास्त असते, त्यामुळे आकडा डोळ्यांआड करायचा नाही, पुढे बघायचा. आज तुमच्याकडे काय आहे तर नॉर्मल डॉप्लर आणि पुरेसं पाणी, आणि २५०० हे ३६ आठवड्यांना हॅडलॉकच्या तक्त्यावर दहाव्या पर्सेंटाइलच्या (म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांतली सगळ्यात लहान दहा जिथे संपतात त्याच्या) चांगलं वर बसतं, तिथली सरासरी २८०० च्या आसपास आहे. दहाच्या खाली गेलं की आम्ही लहान म्हणतो, तीनच्या खाली किंवा डॉप्लर बिघडलं की गंभीर धरतो. तुमचं यातलं काहीच नाही.

वय ३४ आठवडे ५ दिवस आलं त्याचं. मशीनला तुमची तारीख ठाऊक नसते, ते चार मापांची सरासरी काढून एवढ्या मापाचं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं ते छापतं, आणि त्यावरून तारीख पण. तिसऱ्या महिन्यात बाळाची लांबी मोजून ठरलेली तारीखच धरायची, नंतर ती बदलायची नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दर वेळी नवी तारीख धरली तर लहान राहिलेलं बाळ कायम वयाला बरोबर दिसेल आणि कोणाच्या लक्षातच येणार नाही.

पुढची ग्रोथची सोनोग्राफी मॅडम सांगतील तेव्हा करा आणि शक्य असेल तर या दोनपैकी एकाच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडे करा, जुने रिपोर्ट सोबत न्या. यजमानांना सांगा उद्या तिसरीकडे जाऊन पक्कं काही होणार नाही. मात्र हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, वरच्या पोटात दुखलं, तर परवापर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी.

रिटायर्ड_सिस्टर (रामबाग)

डॉक्टरांनी छान समजावलं. मी आयुष्यभर लेबर रूममध्ये काम केलं, तेव्हा प्रत्येकीची सोनोग्राफी होत नसे, आम्ही टेप आणि हात. लघवी करून यायला सांगायचं, सरळ झोपवायचं, टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवायची म्हणजे मन आकड्याकडे जात नाही, आणि जांघेच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजायचं. डोकं खाली उतरलं नसेल तर त्यातून १२ वजा, उतरलं असेल तर ११ वजा, आणि जे राहील त्याला १५५ ने गुणायचं. ३० सेंटीमीटर आली आणि डोकं वर असेल तर १८ गुणिले १५५, २७९० ग्रॅम. जॉन्सनचं सूत्र म्हणतात याला. आईच्या अंगावर मांस जास्त असेल, पाणी जास्त असेल किंवा बाळ आडवं असेल तर हे फसतं. पण दिवस भरलेल्या साध्या केसमध्ये आम्ही हाताने सांगितलेलं आणि मशीनने सांगितलेलं फार लांब नसायचं. लहान बाळ ओळखायला मात्र हात कमी पडतो, तिथे सोनोग्राफीच हवी.

आणि एक, बाळ झाल्या झाल्या जे वजन होतं तेच रिपोर्टशी ताडून बघा. तीन-चार दिवसांनी घरी नेताना करतात ते नाही, पहिल्या दिवसांत बाळ पाच-सात टक्के उतरतंच, आणि लोक ते वजन धरून म्हणतात सोनोग्राफी खोटी निघाली.

सासूबाईंना सांग पोरी, ताट भरू नकोत, तुझ्या जवळ बसू देत. बीपीवालीला डाव्या कुशीवर निवांत पडायला मिळणं जास्त गरजेचं.

पलासियाकर

डॉक्टर, समजलं बरंचसं. माझ्या प्रश्नाचं पण सांगाल का, ३९०० चं?

सोनो_डॉक्टर_इंदूर

हो, राहिलंच होतं. ३९०० आणि प्रत्यक्षात ३३५०, ही अंदाजाच्या जवळपास चौदा टक्क्यांची चूक आहे, म्हणजे पट्ट्याच्या अगदी कडेची, होते पण कमी वेळा. मोठ्या बाळात अंदाज जास्तच डळमळतो, चार किलोच्या वर तर खूपदा कमीही सांगितलं जातं. शुगर असलेल्या आईचं बाळ खांद्याला आणि धडाला भरतं, डोक्याला तेवढं नाही, म्हणून तिथे काळजी वजनापेक्षा डोकं बाहेर आल्यावर खांदे अडकण्याची असते. ते अडकले तर हातात मिनिटं असतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना अशी की निव्वळ वजनाच्या अंदाजावरून ठरवून सिझर करायचा विचार शुगर नसेल तर ५००० ग्रॅमला आणि शुगर असेल तर ४५०० ग्रॅमला करावा. आपल्याकडच्या बायकांची ठेवण लहान, त्यामुळे इथले डॉक्टर त्याच्या खालीही विचार करतात, शुगर कितपत ताब्यात आहे, आधीचं बाळंतपण कसं झालं, डोकं उतरलंय का, हे सगळं धरून. तुमच्या केसमध्ये वजनाशिवाय आणखी काय होतं ते तुमच्या डॉक्टरांच्या कागदात असेल. डिस्चार्जची फाइल घेऊन शांतपणे जाऊन विचारा, तो तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या खेपेला त्याची गरजही पडेल. पुढच्या वेळी कोणी सिझर म्हणालं तर विचारायचं की हे फक्त वजनावरून आहे का अजून काही कारण आहे.

दोन_मुलांची_आई

डॉक्टर, एक शंका, आपली बाळं तशीही लहान असतात ना? मग अमेरिकेचा तक्ता आपल्याला का लावायचा, उगाच सगळ्यांची बाळं लहान दाखवणार तो.

सोनो_डॉक्टर_इंदूर

चांगला प्रश्न. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मापावरून वजन काढायचं सूत्र एक, आणि ते वजन कितव्या पर्सेंटाइलला बसतं तो तक्ता दुसरा. सूत्र आपल्याकडेही बऱ्यापैकी चालतं. तक्त्याचं म्हणाल तर हॅडलॉकचा तक्ता १९९१ चा, टेक्सासमधल्या बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांवरचा, जेमतेम चारशे जणींचा. नंतर इंटरग्रोथ-२१ नावाचा मोठा अभ्यास झाला, आठ देशांत, आणि त्यात भारतातलं केंद्र आपलं नागपूर होतं, धडधाकट आणि नीट खाऊनपिऊन असलेल्या आयांची बाळं घेतली होती. त्याचा वजनाचा तक्ता २०१७ मध्ये आला, तो वापरला तर लहान ठरणारी बाळं कमी होतात. त्यातही धोका असा की खरंच कमी पडणारं एखादं बाळ सुटू शकतं. म्हणून कुठला तक्ता वापरलाय ते रिपोर्टवर लिहिणं आणि पुढच्या वेळी तोच वापरणं, निदान एवढं तरी आम्ही सगळ्यांनी करायला पाहिजे, ते सगळीकडे होत नाही हे खरं आहे.

माहेर_देवास (सुदामा नगर, इंदूर)

डॉक्टर, सिस्टर, ताई, सगळ्यांचे खूप खूप आभार. तुमचं लिहिलेलं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तिसऱ्या सेंटरचं रद्द केलं. दोन्ही रिपोर्ट आणि ती तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी एका फाइलला लावून ठेवलीय, परवा मॅडमना दाखवते. बीपी घरी सकाळ-संध्याकाळ मोजतोय, लिहून ठेवतोय. आतेसासूबाईंना ते २१३५ ते २८६५ चं सासूबाईंनीच समजावलं, मला बोलावंच लागलं नाही.

ग्वाल्हेरची_मावशी

माझ्या भाचीला जुळं आहे, ३२ आठवडे, एकाचं १७५० आणि दुसऱ्याचं १५०० सांगितलंय, तिलाही हेच सगळं लागू का?

सोनो_डॉक्टर_इंदूर

मावशी, जुळ्यांत चूक थोडी जास्तच येते, बाळं एकमेकांवर येतात, पोटाचा गोल नीट मिळत नाही. पण तिथे दोघांतला फरक फार महत्त्वाचा असतो. मोठ्याच्या मानाने लहान किती टक्के कमी ते बघतात, इथे २५० भागिले १७५०, साधारण १४ टक्के. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेलं तर जास्त काळजी. दोघांची वार एक आहे की वेगळी ते पहिल्या रिपोर्टवर लिहिलेलं असेल, ते आधी शोधा. वार एक असेल तर सोनोग्राफी दर दोन आठवड्यांनी, त्यात चुकायचं नाही.